होडीच्या इंजिनाचा अडकलेला डिझेल फिल्टर काढताना

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. धनकवडीत राहतो, दिवसभर एक्सेल उघडून बसतो आणि हे प्रकरण व्हायच्या आधी स्वतःच्या हाताने केलेलं सगळ्यात मोठं रिपेअरिंग म्हणजे स्कूटरचा प्लग बदलणे. तरी लिहितोय, कारण त्या तीन आठवड्यांत मी रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाईलवर शोधत बसायचो आणि मराठीत यावर मला एक ओळ सापडली नाही. इंग्रजीत जे सापडलं ते सगळं ज्यांच्या इंजिनरूममध्ये माणूस मांडी घालून बसू शकतो अशा लोकांचं. आमच्या होडीत इंजिनाशेजारी मांजर बसेल, माणूस नाही.

तर पार्श्वभूमी अशी की माझी सासुरवाडी भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याला लागून. धरण जुनं, १९२७ सालचं, वेळवंडी नदीवर. सासऱ्यांचं म्हणजे आप्पांचं घर एका काठाला आणि भाताची खाचरं दुसऱ्या काठाला, रस्त्याने वळसा घालून जायचं तर पाऊण तास आणि पाण्यातून पंधरा मिनिटं. म्हणून २०२१ मध्ये मेहुणा आणि मी मिळून कोकणातून एक सेकंडहँड होडी आणली, फायबरची, बावीस फुटी, आत दोन सिलिंडरचं वॉटर कूल्ड डिझेल इंजिन. ती ट्रकवर घालून कशी आणली ती वेगळी रामकहाणी आहे. मुद्दा एवढाच की होडीने अर्धं आयुष्य खाऱ्या हवेत काढलंय, हे पुढे महत्त्वाचं आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार. आप्पा आणि मी पलीकडून पेंढ्याच्या गंज्या घेऊन येत होतो. मध्यावर आल्यावर इंजिनाची रेस आपोआप वर-खाली व्हायला लागली, म्हणजे हात न लावता गुर्रगुर्र, मग मवाळ, परत गुर्रगुर्र, आणि मग दोन खोकले देऊन बंद. सेल्फ मारला की लागायचं, दहा सेकंद चालायचं, परत बंद. आप्पा म्हणाले, "पाहुणं, डिझेल पोचंना बगा." आणि ते बरोबर होतं. वल्ह्याने किनाऱ्याला यायला आम्हाला सव्वा तास लागला, माझ्या तळहाताला फोड आले, आप्पा सत्तरीचे आहेत, त्यांना काही झालं नाही.

किनाऱ्यावर येऊन बघितलं. टाकीतून डिझेल आधी पहिल्या फिल्टरमध्ये येतं, त्याला खाली काचेची वाटी आहे, पाणी तिच्यात साठतं. तिथून फीड पंप (डिझेल ओढून पुढे ढकलणारा), तिथून दुसरा फिल्टर, मग मेन पंप (डिझेलला प्रेशर देणारा) आणि शेवटी नोझल, जे सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं. काचेच्या वाटीत बोटभर पाणी होतं आणि पाण्याच्या वर काळपट शेवाळासारखं काहीतरी तरंगत होतं. पावसाळाभर होडी उभी होती, टाकी अर्धी रिकामी, आत दमट हवा, तिचं पाणी झालं आणि जिथे पाणी आणि डिझेल भेटतात तिथे हे बुरशीचं लेंढार वाढतं. (पावसाळ्यात होडी उभी ठेवणार असाल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, हे मला नंतर कळलं.) वाटी साफ करणं सोपं होतं, एक बोल्ट. खरा चोंदला होता तो दुसरा फिल्टर. हा डब्याचा प्रकार, म्हणजे वर अल्युमिनियमचं हेड इंजिनाला बोल्टने बसवलेलं आणि त्याला खालून पत्र्याचा डबा आट्यांवर फिरवून लावलेला. गाडीच्या ऑइल फिल्टरसारखाच, फक्त लहान.

आता हा डबा कुठे, तर इंजिनाच्या मागच्या अंगाला, फळीकडे तोंड करून. डबा आणि फळी यांच्यात चार बोटं जागा. बघायचं तर पोटावर झोपून वरून डोकं खाली घालायचं, म्हणजे डोळे बघतात तेव्हा हात जात नाही आणि हात जातो तेव्हा डोळे बघत नाहीत. डब्यावरचा रंग उडालेला, खालची कडा गंजून तांबडी. हाताने फिरवून बघितला. ढिम्म नाही. कापडाने धरून बघितला, ढिम्म नाही. त्या दिवशी तासभर झटलो आणि अंधार पडल्यावर स्वारगेटच्या एसटीत बसून घरी आलो, सगळ्या गाडीभर डिझेलचा वास.

टेन्शन नुसतं फिल्टरचं नव्हतं. होडीचा सर्व्हे २१ जानेवारीला लागला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंजिनवाली होडी धरण-नदीत चालवायची तर २०२१च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाप्रमाणे रजिस्ट्रेशन आणि सर्व्हे लागतो, सर्वेयर येऊन होडी, इंजिन, लाइफ जॅकेट, आग विझवायचं सिलिंडर सगळं बघतो. आमचे कागद व्हायला आधीच भरपूर महिने गेले होते, आणि सर्व्हेच्या दिवशी इंजिन चालू नसेल तर परत रांगेच्या शेपटाला.

६ तारखेला सोमवारी ज्यांच्याकडून होडी घेतली त्यांना फोन केला. ते म्हणाले फिल्टर त्यांनी कधी बदललाच नाही, त्यांच्या आधीच्या मालकाने बदलला असेल तर असेल. म्हणजे डबा किती वर्षांचा ते देव जाणे.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर नाना पेठेत गेलो, म्हटलं आधी नवा फिल्टर तरी हातात असू दे. स्पेअर पार्टवाल्या काउंटरवरच्या काकांना मोबाईलमधला फोटो दाखवला. ते म्हणाले नंबर सांगा. मी म्हटलं नंबर गंजलाय. ते म्हणाले मग जुना घेऊन या. मी म्हटलं जुना निघत नाही. ते शांतपणे म्हणाले, "मग नवा घेऊन काय करणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण माणूस चांगला होता. म्हणाला डब्याला दोरा गुंडाळून कंबर मोजा, उंची मोजा, वरच्या रबराच्या रिंगेचा बाहेरचा घेर मोजता आला तर बघा, बाकी आटे कुठले आहेत ते काढल्याशिवाय कळणारच नाही. दोरा मी रविवारीच गुंडाळून आणला होता (नशीब!), त्या मापाचे दोन वेगवेगळे फिल्टर त्यांनी दिले, एक ३८० रुपयांचा आणि एक ४२० रुपयांचा, न वापरलेला परत घेईन, खोका फाडायचा नाही आणि रबराला तेल लावायचं नाही या अटीवर. हे विचारून घ्या, बरेच जण परत घेतात.

बुधवारी ८ तारखेला हाफ डे टाकून जुन्या बाजारात गेलो, बुधवार आणि रविवार भरतो तो. तिथे गोधडीवर मांडलेल्या पान्यांच्या ढिगात एक चेन पाना मिळाला, म्हणजे दांड्याला सायकलसारखी साखळी, ती डब्याभोवती आवळायची. तीनशे म्हणाला, एकशे ऐंशीला दिला. बोहरी आळीतून रबरी पट्ट्याचा पाना घेतला अडीचशेचा, गंज सोडवायचा स्प्रे घेतला, एक लोखंडी छिन्नी घेतली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "फिल्टर चारशेचा ना?" मी विषय बदलला.

११ आणि १२ जानेवारी, शनिवार-रविवार. तयारीने गेलो होतो. डिझेलचा कॉक बंद केला, डब्याखाली दोन लिटरची पाण्याची बाटली आडवी कापून ठेवली, आजूबाजूला जुने बनियन पसरले. एक सांगतो, कुठेतरी वाचलं म्हणून मी लहान मुलांचे डायपरही नेले होते सांडलेलं टिपायला, ते बिलकुल नेऊ नका, डायपर पाणी पितो, डिझेल पीत नाही, नुसता बुळबुळीत होतो. जुनं सुती कापड सगळ्यात बेस्ट. आणि सांडू मात्र देऊ नका, कारण आमच्या होडीचा तळ उपसायचा पंप डायरेक्ट धरणात टाकतो आणि हे पाणी पुढे नीरेच्या कालव्यांनी पार बारामतीपर्यंत जातं, लोक पितात, गुरं पितात.

पट्टा पाना लावला. डबा तेलकट, पट्टा नुसता घसरतोय. मग डबा कोरड्या फडक्याने पुसून पट्ट्याच्या आत पॉलिश पेपरची पट्टी घातली, खरखरीत बाजू डब्याकडे, तेव्हा पट्ट्याने पकड घेतली. ओढला. ओढला म्हणजे दोन्ही पाय फळीला लावून. काही नाही. चेन पाना लावला, त्याने डबा चेपला, डब्याला कंबर आली, पण फिरला नाही. दीड तास झाला. मी घामाने निथळलेला, छाती इंजिनाच्या कव्हरवर घासून लाल झालेली, आणि अशा वेळी जे होतं तेच झालं, मी इंजिनाला शिव्या द्यायला लागलो.

आप्पा काठावर बसून तंबाखू मळत होते. ते उठले, आत डोकावले, आणि म्हणाले, "पाहुणं, कुनीकडं फिरवताय?" मी म्हटलं उलटं, घड्याळाच्या उलट, सगळं उलटंच सुटतं ना. ते काही बोलले नाहीत. माझी पाण्याची बाटली उचलली, बूच खाली करून धरली आणि म्हणाले, "आता वरनं बघत बूच खोला." मी वरून बघत उलटं फिरवलं. बूच आणखी घट्ट. मग सुलटं फिरवलं, आणि बूच सुटून अर्धी बाटली माझ्या बुटात.

डबा खालून लावलेला असतो. खालून बघितलं तर तो घड्याळाच्या उलट सुटतो. वरून वाकून बघणाऱ्याला तोच घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. मी गेले दीड तास, आणि गेल्या रविवारचा एक तास, अंगातल्या सगळ्या ताकदीनिशी फिल्टर घट्ट करत होतो. हे लिहितानासुद्धा कान गरम होतात. तुम्ही काहीही करायच्या आधी डब्यावर खडूने किंवा मार्करने बाण काढा, कुठे फिरवायचं तो, आणि तो बाण बाटलीवर तपासून मग काढा.

दिशा सुधारली, पण तोपर्यंत डबा चेपून चेन पान्याला पकडायला गोल काही उरलंच नव्हतं. स्प्रे मारून ठेवला आणि परत आलो.

बुधवारी १५ तारखेला सर्व्हेच्या कार्यालयात गेलो, सर्व्हेची तारीख पुढे ढकलता येते का विचारायला. खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या तोंडी चालत नाही, अर्ज द्या, दोन प्रतीत, कारण लिहा. मी कारण लिहिलं 'इंजिनाचा फिल्टर अडकल्यामुळे'. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "तांत्रिक कारणास्तव लिहा, बास." परत लिहिला. साहेब साइटवर गेलेले, शुक्रवारी या. एका प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर मारून घेतला, हे कुठल्याही कार्यालयात विसरू नका, कारण शुक्रवारी १७ ला गेलो तेव्हा अर्ज सापडत नव्हता आणि माझ्या हातातल्या शिक्क्यामुळेच तो पाच मिनिटांत सापडला. नवी तारीख मिळाली, २८ जानेवारी, मंगळवार. जादा फी काही नाही, फक्त दोन हाफ डे गेले.

१८ जानेवारी, शनिवार. आता ती चूक सांगतो जी करू नका असं सगळीकडे लिहिलेलं होतं आणि मी वाचलेलंही होतं. डब्याच्या आरपार स्क्रू ड्रायव्हर ठोकायचा आणि त्याचाच दांडा करून फिरवायचं. गाडीच्या ऑइल फिल्टरला हे लोक करतात, डबा मजबूत असेल तर होतंही. आमच्या डब्याचा पत्रा खारी हवा खाऊन पापडासारखा झालेला. ठोकला, आरपार गेला, बाटलीत डिझेल गळलं, इथपर्यंत ठीक. दांडा दाबला आणि डबा फिरायच्या ऐवजी पत्राच फाटत गेला, बिस्किटाचा पुडा फाडल्यासारखा, अर्ध्या गोलापर्यंत. आतला कागदी एलिमेंट बाहेर लोंबायला लागला, काळा, चिकट, हाताला शेंबडासारखा. दहा मिनिटांत डबा गेला आणि वर हेडला चिकटून राहिली फक्त जाड लोखंडी चकती आणि तिच्याभोवती फाटक्या पत्र्याची झालर. आता पाना लावायला काहीच नाही. छिन्नी धरायला जागा नाही, कारण चार बोटांत हातोडी काय फिरवणार, दोनदा मारली ती बोटावरच बसली. ज्याला करावंच लागेल त्याने निदान डबा चांगला आहे का बघून आणि वरच्या कडेच्या जवळ ठोकावा, आणि मधोमध जे निपल असतं, ज्याच्यावर डबा फिरतो, ते वाचवावं. निपलचे आटे गेले की हेडच बदलावं लागतं.

त्या संध्याकाळी मला खरंच रडायला आलं होतं. आधी होडी नुसती बंद होती, आता मी ती फोडली होती. मेहुण्याला फोन करून सांगायचीही लाज वाटत होती, निम्मे पैसे त्याचे. सासूबाईंनी पिठलं-भाकरी वाढली आणि काही विचारलं नाही, ते बरं केलं.

रविवारी सकाळी आप्पा मला त्यांच्या ओळखीच्या एका ट्रॅक्टरच्या फिटरकडे भोरला घेऊन गेले. साठीचे काका, डाव्या हाताला चारच बोटं. त्यांनी मोबाईलमधला फोटो एका हाताने लांब धरून बघितला आणि विचारलं, "हे तिथंच कशाला खोलताय? डोकं काढून आणा की."

मला आधी वाटलं टोमणा आहे.

डोकं म्हणजे हेड. फिल्टरचं हेड इंजिनाला फक्त दोन बोल्टने बसवलेलं असतं आणि त्याला पाइप येतात त्यांचे तीन बॅन्जो बोल्ट, म्हणजे मधून भोक असलेले बोल्ट. हे पाच बोल्ट वरून सरळ पान्याला लागतात, चार बोटांच्या जागेशी त्यांचा काही संबंधच नाही. पाचही सोडले की हेड आणि त्याला चिकटलेली चकती असं सगळं बाड हातात येतं आणि टेबलावर ठेवून आरामात काय ते करता येतं. मी दोन आठवडे एका डब्याशी मारामारी करत होतो आणि तो डबा ज्याला लटकलाय तेच काढता येईल हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. नेटवर वाचलेल्या एकानेही लिहिलं नव्हतं, बहुतेक त्यांना जागा होती म्हणून गरजच पडली नसेल.

परत होडीवर आलो. आधी फोटो काढले, कुठला पाइप कुठे, आणि पाइपांना रंगीत दोरे बांधले. हेडचे बोल्ट सतराच्या पान्याचे निघाले, पाऊण तासात हेड हातात. पाइपांच्या उघड्या तोंडांना प्लास्टिकच्या पिशव्या रबरबँडने बांधल्या, कारण मेन पंपात कचऱ्याचा एक कण गेला तरी तो खर्च हजारांत जातो. बॅन्जो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर, म्हणजे वॉशर असतात, ते एका डबीत जपून ठेवले. हेड कागदात गुंडाळून दुपारी परत भोर.

काकांनी ते वाईसमध्ये म्हणजे शिकंज्यात धरलं, दोन्ही जबड्यांत लाकडाचे तुकडे घालून, अल्युमिनियम आहे, डायरेक्ट आवळलं तर तडकतं. शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवलं आणि चकतीवर ओतलं. मी विचारलं गॅसची बत्ती का नाही लावत, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत काही विचारलं नाही. डिझेलने माखलेला माल आहे, त्याला ज्योत लावायची नसते. मग छिन्नी चकतीच्या कडेला तिरकी लावली आणि हातोडीचे बारीक-बारीक घाव, जोर नाही, नुसता ताल, टक टक टक, जागा बदलून परत टक टक टक. चौथ्या जागी कट् असा आवाज आला आणि चकती नखभर सरकली. ते नखभर मी आयुष्यात विसरणार नाही. पुढची हाताने फिरली. निपल हेडमध्येच राहिलं, आटे शाबूत.

चकती उलटी करून त्यांनी मला दाखवली. रबराच्या रिंगेवर तपकिरी, काचेसारखा कडक थर. शेलॅक. कोणीतरी पूर्वी कधीतरी लीक होऊ नये म्हणून रबराला गॅसकेट शेलॅक, म्हणजे सांधे बंद करायचा चिकट लेप, फासून डबा बसवला होता आणि वर पान्याने आवळला होता. गंज होताच, पण धरून ठेवलं होतं या थराने. काका म्हणाले, "ह्याला नुसतं डिझेलचं बोट लावायचं आस्तंय." शंभर रुपये घेतले. मी दोनशे देत होतो, घेतले नाहीत, पण बाटलीत जमवलेलं घाण डिझेल पार्ट धुवायला मागून घेतलं, त्याचीही सोय झाली.

पुढचा आठवडा ऑफिस. २५ जानेवारीला शनिवारी बसवायला गेलो. हेडवरचा शेलॅक लाकडी चमच्याच्या कडेने खरवडला, लोखंडी पात्याने अल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि मग तिथूनच गळतं. नाना पेठेतला पहिला फिल्टर दीड आटा गेला आणि अडकला, तो लगेच थांबवून काढला. दुसरा, चारशेवीसवाला, लोण्यासारखा फिरला. एक वाद नेहमी असतो की नवा डबा आधी डिझेलने भरून लावायचा का. मी नाही भरला. वरून ओतलेलं डिझेल गाळलेलं नसतं आणि मधल्या भोकातून ओतलं तर ते सरळ पंपाकडे जातं, त्यापेक्षा फीड पंपाच्या हाताच्या खटक्याने भरलेलं बरं, वेळ लागतो एवढंच. रबराला बोटाने डिझेल लावलं, रबर टेकेपर्यंत फिरवला आणि तिथून हाताने पाऊण फेरा. पाना नाही. डब्यावर मार्करने तारीख लिहिली आणि सुटायच्या दिशेचा बाण काढला, डबल जाड.

तांब्याचे वायसर नवे मिळाले तर उत्तम, मला भोरमध्ये त्या मापाचे तीनच मिळाले, हवे होते सहा. काकांनी सांगितलं होतं की जुना वायसर लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा, मग तो मऊ होतो आणि परत बसतो. सासूबाईंच्या गॅसवर सांडशीत धरून तीन वायसर तापवले. त्या बघत होत्या. म्हणाल्या, "ह्यात काय घालनार, मोहरी?"

मग एअर काढणं, म्हणजे खोलताना पाइपांत शिरलेली हवा बाहेर काढणं. हेडच्या वर एक छोटा स्क्रू असतो तो ढिला करायचा आणि फीड पंपाचा हाताचा खटका मारत राहायचं. आधी नुसती फुसफुस, मग साबणाच्या फेसासारखं डिझेल, मग बुडबुडे कमी-कमी होत सलग धार. धार सलग झाली की खटका दाबलेला असतानाच स्क्रू बंद. मग मेन पंपाचा स्क्रू, तसंच. माझे खटके मोजले नाहीत पण अंगठा दोन दिवस सुजलेला होता. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट एक-एक आटा ढिले करून सेल्फ मारला, नटापाशी डिझेलचे थेंब उडायला लागले की आवळले. इथे हात आणि तोंड लांब ठेवा, ते डिझेल फार प्रेशरने येतं.

सेल्फ मारायचा तो दहा-दहा सेकंद, मध्ये थांबून. आणि ज्यांच्या होडीत इंजिन थंड करणारं पाणी एक्झॉस्टमध्येच सोडलेलं असतं त्यांनी जास्त सेल्फ मारायचा असेल तर पाण्याचा कॉक बंद ठेवावा आणि इंजिन लागल्या-लागल्या आठवणीने उघडावा. नाहीतर पाणी मफलरमध्ये साठत जातं आणि उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं.

शनिवारी इंजिन लागलं नाही. लागायचं, पाच सेकंदांत मरायचं. बॅटरी पण मेली, ती गावात चार्जिंगला लावली, पन्नास रुपये. रात्रभर झोप नाही. रविवारी २६ जानेवारीला शाळेतलं झेंडावंदन होईपर्यंत आप्पा येत नव्हते, म्हणून मी एकटाच बसून काढलेले फोटो एक-एक झूम करून बघत होतो आणि एका फोटोत दिसलं की बॅन्जोच्या वर एक वायसर आणि खाली एक. मी एका जागी दोन्ही वायसर वरच घातले होते. खालून सील बसतच नव्हतं. सोडलं, नीट लावलं, परत सगळी एअर काढली. साडेअकराला सेल्फ मारला आणि इंजिन लागलं. आधी पांढरा धूर, मग काळपट, मग साफ. आप्पा जिलेबीचा पुडा घेऊन आले तेव्हा इंजिन चालूच होतं, मी बंद करायला तयार नव्हतो. पाऊण तास तसंच बांधलेल्या जागी चालवलं.

२८ ला सर्वेयर आले. इंजिन चालू करायला सांगितलं, दोन मिनिटं ऐकलं, ठीक म्हणाले. फिल्टरकडे बघितलंही नाही. पाऊण तास गेला तो लाइफ जॅकेटवर, एकाची शिट्टी नव्हती, आणि आग विझवायच्या सिलिंडरच्या रिफिलिंगच्या तारखेवर. तळ मात्र नीट बघितला, डिझेलचा वास येतोय का म्हणून, तिथे बनियन कामी आले.

खर्च सगळा मिळून साधारण अठराशे झाला, एसटी आणि हाफ डे सोडून. त्यातला पहिला फिल्टर नाना पेठेत परत घेतला, खोका सरळ होता, एक शब्द बोलले नाहीत, फक्त विचारलं, "निघाला का जुना?" चेन पाना पडून आहे, कुणाला हवा असेल तर सांगा. एक जादा फिल्टर आणि सहा नवे वायसर घेऊन होडीतल्या डब्यात ठेवलेत, आणि त्याच डब्यात एक रिकामी बाटली, बुचासकट.

सर्टिफिकेट १४ फेब्रुवारीला मिळालं. इंजिन नंबरमधला एक आकडा चुकलाय, तीनचा आठ झालाय. दुरुस्तीचा अर्ज दिलाय, दोन प्रतीत, एकीवर शिक्का घेऊन.